हात जिथं थांबत होता

डॉ. पद्मजा मगदूम यांचा उजवा हात रोज सकाळी नऊच्या सुमारास तीनशे बारा इस्पितळांत एकदम कामाला लागायचा, आणि नेमक्या त्याच वेळी त्या स्वतः मिरजेतल्या आपल्या स्वयंपाकघरात कपातला चहा बशीत सांडत असायच्या. यात थट्टा काही नाही. बाईंचं वय अडुसष्ट. पाच वर्षांपूर्वी हाताला कंप सुरू झाला आणि त्यांनी शस्त्रक्रिया सोडली. हाताने मात्र सोडली नव्हती.

हा इस्पितळांतला हात म्हणजे काय भानगड आहे, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. आपण ज्याला कान म्हणतो ती नुसती बाहेरची पाळी. खरा कान हाडात असतो. कानामागं बोट लावलं की जे टणक लागतं ना, त्याच्या आत. तिथं ऐकण्याचा शंख आहे, तोल सांभाळणाऱ्या तीन नळ्या आहेत, चेहऱ्याची अर्धी बाजू हसवणारी-रडवणारी नस आहे, ती शेवईएवढी. वर कागदासारखं पातळ हाडाचं छत, आणि छतावर थेट मेंदू. हा सगळा संसार काडेपेटीएवढ्या जागेत. ते हाड ड्रिलनं कणाकणानं कोरत आत शिरायचं, गरज पडली तर कवटीच्या तळापर्यंत जायचं, आणि वाटेतल्या कुणालाही धक्का लागू द्यायचा नाही, हे या डॉक्टरांचं काम. पूर्वी ते शिकायला दहा-बारा वर्षं जायची. देहदानातून आलेली हाडं प्रयोगशाळेत बसून कोरायची, कोरायची आणि कोरायची. मग कधीतरी गुरू मनगट धरून खऱ्या माणसाच्या हाडापाशी नेणार.

‘अनुहस्त’ आलं आणि ही वाट निम्मी झाली. ड्रिलच्या मुठीत बसवलेलं हे यंत्र. मगदूम मॅडमनी शेवटच्या चार वर्षांत केलेल्या साडेसहाशे शस्त्रक्रिया त्यात भरलेल्या. दर सेकंदाला हजार वेळा नोंद: हात कुठं होता, कोन किती, दाब किती, कुठं घाई केली, कुठं सावकाश गेला. शिकणाऱ्यानं मूठ धरायची. हात भलतीकडं वळला की मूठ जड व्हायची, वाट बरोबर असेल तर हलकी. पहिलीतल्या पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात, तसं. यंत्राचं नाव कागदावर अनुहस्त असेल, पण गुवाहाटीपासून नैरोबीपर्यंत पोरं त्याला ‘मॅडमचा हात’च म्हणायची. चेहरा लुळा पडण्याच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. मॅडमना दोन मोठे पुरस्कार मिळाले. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या. का लपवावा?

तर अशा सुखात असताना एक दिवस डॉ. नाझनीन पटवेगार हातात टॅब घेऊन इस्पितळातल्या त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. शस्त्रक्रिया सोडली तरी मॅडम तिथं शिकवायच्या आणि रुग्ण तपासायच्या.

नाझनीन मूळची इचलकरंजीची. कान-नाक-घशाची डॉक्टर होऊन आता मॅडमकडं कानाच्या आणि कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेत होती. दुसरं वर्ष. पोरगी बोलायची कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती गोष्ट तरी सुटायची नाही आणि आजूबाजूची माणसं तरी.

“मॅडम, रागावणार नसाल तर एक दाखवू?”

“रागवायचं की नाही ते बघून ठरवते. दाखव.”

टॅबवर सत्तावन्न रुग्णांची यादी होती. नऊ शहरांतली माणसं. सगळ्यांना एकच रोग: कानाच्या पडद्याची कातडी आत ओढली जाते, तिथं वाढत राहते, तिचा पांढरा गोळा साचतो आणि तो गोळा हळूहळू हाड कुरतडत जातो. कर्करोग नव्हे, पण चिकटपणात त्याचा भाऊच. इवलासा तुकडा जरी मागं राहिला तरी दोन-तीन वर्षांत परत उभा. या सत्तावन्न जणांचा रोग परत आला होता. त्यांतल्या एकोणपन्नास जणांचा एकाच जागी, चेहऱ्याच्या नसेमागच्या आडोशाला असलेल्या मसुराएवढ्या खळग्यात.

“सगळ्यांच्या शस्त्रक्रिया तुमच्या हातानं झाल्यात,” नाझनीन म्हणाली. “म्हणजे यंत्रानं. खळग्याच्या तोंडाशी मूठ जड होते, मॅडम. सगळ्यांनाच. आम्हाला वाटतं, मॅडम सांगतायत पुढं जाऊ नका. मग आम्ही जात नाही.”

“बरोबरच आहे. पुढं नस आहे.”

“नस अजून सव्वा मिलिमीटर लांब आहे. मी मोजलं.”

“त्याला काळजी म्हणतात, बाळ.”

“हो, मॅडम,” नाझनीन म्हणाली, पण तिच्या ‘हो’मध्ये होकार काही नव्हता.

मॅडमनी तिला वाटेला लावलं. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली तेव्हा मात्र त्या आत गेल्या आणि कडी लावली. एक हाड चिमट्यात बसवलं, सूक्ष्मदर्शक खाली ओढला, पाण्याची धार सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा अनुहस्ताची मूठ हातात घेतली. स्वतःचाच हात, तो काय धरून बघायचा, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं.

मूठ धरताच कंप थांबला. कंपाचं गणित सोपं असतं, सेकंदाला आठ-दहा हेलकावे, ठरलेल्या तालात. यंत्र तो ताल ओळखतं आणि गाळून टाकतं. पाच वर्षांनी आपला हात स्थिर बघून बाईंचे डोळे भरून आले. किती छान चालत होता तो. हाडाची पूड पाण्यात दुधासारखी वाहत होती. आपण खरंच बरं काम करत होतो, असं त्यांच्या मनात आलं. अर्ध्या तासानं त्या नसेपाशी पोचल्या, ड्रिल खळग्याकडं वळवलं, आणि मूठ जड झाली.

त्यांनी जोर केला. मूठ आणखी जड झाली. मग त्यांनी डोळे मिटून नुसता तो जडपणा हातात घेतला आणि त्यांना तो ओळखू आला. काळजी करणारा हात जागा चाचपतो, कोन बदलून बघतो, दुसरी वाट धरतो. हा हात तसलं काहीच करत नव्हता. तो नुसता आकसून उभा होता. यंत्राला कंप गाळता येत होता, कारण कंपाला ताल असतो. भीतीला ताल नसतो, ती आपली सावकाश येते आणि हुबेहूब शहाणपणासारखी दिसते. यंत्रानं बिचाऱ्यानं तिला शहाणपण समजून तीनशे बारा इस्पितळांत वाटून टाकलं होतं.

आणि ती भीती कुठून आली, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी सुवर्णा जमदाडे नावाची तासगावकडची चोवीस वर्षांची मुलगी उजवा कान घेऊन आली होती. रोग याच खळग्यात होता. मॅडम नसेवरचं हाड हिऱ्याच्या टोकानं पातळ करत होत्या. हे टोक फिरताना तापतं, म्हणून त्यावर सतत पाणी सोडावं लागतं. पण पाण्यानं दिसायला अडचण होते. “पाणी जरा थांबव,” त्या मदतनीसाला म्हणाल्या. दहा सेकंद, फार तर बारा. पांढरी पूड किंचित तपकिरी झालेली त्यांना दिसली. नसेवर नजर ठेवणारं यंत्र वाजलं, पण ते वाजायला उशीर झाला होता. नस तुटली नव्हती, कापली नव्हती, आतल्या आत भाजली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाच्या चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली होती. आईवडील खाटेशेजारी उभे होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, “रोगानं नस खाल्ली होती. यायला उशीर झाला तुम्हाला.”

कागदावरही तेच लिहिलं. एक वाक्य. पुढं बावीस वर्षं ते कुणी खोडलं नाही.

सुवर्णा दरवर्षी उन्हाळ्यात तपासणीला यायची. या रोगाच्या माणसाला जन्मभर वर्षाकाठी कान दाखवावा लागतो. तिच्या माहेरी बेदाण्याचं शेड होतं, ते आता तीच सांभाळायची. येताना किलोभर हिरवा बेदाणा आणायची आणि मॅडम नको नको म्हणत घ्यायच्या. या वर्षी आली ती डाव्या कानात कापूस घालून.

“आता हा बी वाहायला लागलाय ओ,” ती डाव्या गालानं हसत म्हणाली. उजवा गाल हसत नव्हताच. न मिटणाऱ्या उजव्या डोळ्यात दर तासाला औषधाचा थेंब टाकायची तिला इतकी सवय होती, की बोलता बोलताच ती टाकायची. “पण या वक्ताला शहाणपणा केलाय मी. लगेच आले. तेल न्हाई, काय न्हाई. कुणाला हात लावू दिला न्हाई कानाला.”

“तेल?” मॅडमनी विचारलं.

“त्या वक्ताला आईनं लसणाचं तेल घातलं होतं न्हवं, कढवून. आठ-पंधरा दिवस घालत होती. तुम्हीच म्हणाला होता की, उशीर झाला म्हणून. त्या तेलाच्या नादातच उशीर झाला.” तिनं कापूस काढून टोपलीत टाकला. “आई गेली, पाच वर्षं झाली. शेवटपर्यंत तिचं एकच. माझ्या हातानं पोरीचं तोंड वाकडं झालं. अण्णा, आमचे वडील, तर येताजाता बोलायचे तिला. मी म्हणायची, जाऊ दे ना अण्णा, माझ्या नवऱ्यानं पसंत केलीच की मला. तोंड वाकडं असू दे, बोलणं सरळ आहे. पण ते काय ऐकतायत?”

मॅडमनी हातातला कान तपासायचा आरसा खाली ठेवला.

त्यांना वाटत आलं होतं की आपण लपवलं ते आपल्यापुरतं. फार तर आपलं नाव वाचवलं. नस काही परत येणार नव्हती, मग खरं सांगून तरी काय मिळणार होतं, असं त्यांनी स्वतःला हजारदा समजावलं होतं. एक म्हातारी बाई त्या वाक्याखाली सतरा वर्षं दबून राहिली आणि तशीच गेली, हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

दोन दिवसांनी स्कॅन आला. डाव्या कानात गोळा त्याच खळग्यात बसला होता आणि तिथून वर सरकून त्यानं मेंदूखालचं कागदी छत एका जागी खाऊन टाकलं होतं. महिना-दोन महिन्यांत काढायला हवा होता, नाहीतर पू थेट मेंदूत. आणि मागं कण राहून चालणार नव्हतं. पण शेजारीच डाव्या चेहऱ्याची नस. सुवर्णाची हसणारी बाजू तेवढीच उरली होती.

“मला तुमचाच हात पायजे,” सुवर्णा म्हणाली. “ते यंत्र आहे न्हवं तुमच्या हाताचं? टीव्हीवर बघितलंय मी. त्यानंच करा.”

नाझनीन कोपऱ्यात उभी होती. मॅडमनी तिला बसायला सांगितलं. मग त्या सुवर्णाकडं वळल्या आणि म्हणाल्या, “त्या हातानं तुझा रोग आत राहील. का राहील ते सांगते. सुवर्णा, तुझ्या उजव्या बाजूची नस रोगानं खाल्ली नव्हती. माझ्या हातानं भाजली. मी पाणी थांबवायला सांगितलं आणि कोरत राहिले. चूक माझी होती.”

सुवर्णाचा अर्धा चेहरा कधीच काही सांगत नसे. आता दुसऱ्यानंही सांगणं बंद केलं.

“तेलानं न्हाई झालं?”

“तेलाचा काहीही संबंध नव्हता. आठ दिवस आधी आली असतीस तरी मी तीच चूक केली असती.”

“तुम्हाला कधीपासनं ठावं आहे हे?”

“दुसऱ्या दिवशी सकाळपासून.”

सुवर्णानं पिशवी उचलली, स्कॅनचा लिफाफा नीट घडी करून त्यात ठेवला आणि ती निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नाझनीननं उठून मॅडमसमोर पाण्याचा ग्लास ठेवला, अर्धाच भरलेला, सांडू नये म्हणून. मग त्यांना रडू आवरलं नाही.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. मॅडमनी अनुहस्त बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं आणि तेच पत्र तीनशे बारा इस्पितळांना पाठवलं. पत्रात आडपडदा नव्हता. नसेमागच्या खळग्याशी माझा हात थांबतो, कारण एकदा मी तिथं एका मुलीची नस जाळली आहे. ती माझी भीती आहे, तंत्र नव्हे. त्या जागी यंत्र बंद ठेवा आणि ज्यांच्या शस्त्रक्रिया या हातानं झाल्या त्यांचे स्कॅन पुन्हा काढा. कंपनीचा एक गोड बोलणारा साहेब फोनवर म्हणाला, मॅडम, एवढं तपशिलात जायची काय गरज होती, आम्ही गुपचूप दुरुस्ती केली असती. मॅडम म्हणाल्या, गुपचूप दुरुस्ती करायला मी बावीस वर्षं घेतली, झाली नाही. काही तरुण डॉक्टरांनी फार कडू लिहिलं. एकानं पुरस्कार परत करा म्हणून सुचवलं. त्यांनी केलेही.

आणि नाझनीन प्रयोगशाळेत यंत्र बंद करून हाडं कोरत बसली होती. दिवसाला चार, पाच. या पिढीनं उघड्या हातानं कधी कोरलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं दोन शंख फोडले आणि एक नस तोडली. हाडातली, मेलेली, तरी तिचा चेहरा पडला.

“हात पोरका झाल्यासारखा वाटतोय, मॅडम.”

“वाटू दे. पाणी चालू ठेव.”

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसून नुसत्या बघायच्या. हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांचे हात थरथरत होते. मग जे हातानं सांगता येत नव्हतं ते त्या तोंडानं सांगायला लागल्या. हाड पातळ होत आलं की ड्रिलचा आवाज चढतो, तो ऐक. नस जवळ आली की हाडाच्या आत गुलाबी छटा येते, तिची वाट बघ. नसेला आडवं जाऊ नको, तिच्या अंगाअंगानं जा. हे सगळं त्यांना येत होतं, पण यंत्रात उतरलंच नव्हतं. यंत्राला फक्त हात दिसत होता.

नवव्या दिवशी सुवर्णा आली. एकटीच. बेदाणा आणला नव्हता.

“चेन्नईला एक वयस्क सर्जन आहेत,” मॅडम म्हणाल्या. “यंत्राच्या आधीचे. मी त्यांच्याशी बोललेय, ते करायला तयार आहेत. तू तिकडं...”

“चेन्नईला मला कोण ओळखतंय?” सुवर्णानं त्यांना तोडलं. “हिनं करायचं.” तिनं नाझनीनकडं मान हलवली. “त्या दिवशी तुम्ही बोलत होता तेव्हा ही माझ्याकडं बघत होती, तुमच्याकडं न्हाई. यंत्राबिगर करायचं. आणि तुम्ही शेजारी बसायचं, उठायचं न्हाई.”

“बसेन.”

“आणि नंतर, माझं तोंड सरळ राहू दे नाहीतर वाकडं होऊ दे, आमच्या शेडवर यायचं. मला जे सांगितलं ते अण्णांना सांगायचं. मी सांगून त्यांना पटत न्हाई. म्हणतात, डॉक्टर खोटं कशाला बोलतील.”

मॅडमनी मान डोलावली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मूठ साधी होती, आत यंत्र नसलेली. सकाळी साडेआठला सुरुवात झाली. नाझनीननं कानामागं छेद घेतला, हाड उघडं केलं, पाण्याची धार आणि ड्रिल दोन्ही चालू झाली. मॅडम सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगाला डोळा लावून बसल्या होत्या. छताजवळचा भाग तिनं आधी घेतला. रोगानं खाल्लेल्या जागी मेंदूवरचं आवरण उघडं पडलं होतं, ठोक्याठोक्याला हलत होतं. त्यावरून गोळ्याची कातडी तिनं सोलून काढली, चाळीस मिनिटं घेऊन, आणि छिद्रावर मागाहून कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, तुकडा बसवायचं ठरवून ती खाली वळली. साडेदहाच्या सुमारास नस गुलाबी दिसायला लागली. पुढं खळगा.

आणि तिचा हात थांबला.

मूठ साधी होती. जड करणारं तिच्यात काही नव्हतं. तरी हात थांबला. तिनं दोनदा पुढं न्यायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तो खळग्याच्या तोंडाशी आकसला. दोन वर्षं गिरवलेलं अक्षर होतं ते.

“मॅडम,” नाझनीन हळूच म्हणाली, “जात नाही.”

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, थांब, मी घेते. पिढ्यानपिढ्या गुरूंनी हेच केलं आहे, आणि शिष्य त्या वाक्याची वाटच बघत असतात. मॅडमना ते म्हणायची सोय नव्हती. त्यांनी आपला थरथरणारा हात नाझनीनच्या पाठीवर ठेवला, मनगटापासून लांब.

“ड्रिल बाहेर घे. श्वास घे,” त्या म्हणाल्या. “हे तुझं नाही, बाळ. हे माझं आहे. मी पाणी थांबवलं होतं. तुझं पाणी चालू आहे का?”

“हो.”

“पूड कसल्या रंगाची?”

“पांढरी.”

“नस दिसतेय?”

“दिसतेय. सव्वा मिलिमीटर.”

“मग तुला भ्यायचं कारण नाही. माझं भ्यायचं मी इथं बसून भिते. तू जा.”

नाझनीननं कोन बदलला. नसेच्या अंगाअंगानं, पाण्याखाली, एकेक कण काढत ती आत गेली. बारा मिनिटांनी खळगा उघडला आणि गोळा दिसला, मोत्यासारखा पांढरा. तो अख्खा निघाला.

दुपारी सुवर्णा शुद्धीवर आली. कानाच्या डॉक्टरांची ही घटका फार वाईट असते. “दात दाखव,” मॅडम म्हणाल्या. सुवर्णानं गुंगीतच ओठ ताणले. डावा गाल वर गेला. “डोळे मीट.” डावा डोळा घट्ट मिटला. मॅडमनी खाटेची कड धरली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, न विचारता, न गाळता: रोग पूर्ण निघाला, नस शाबूत आहे, पण कानातलं ऐकण्याचं एक हाडूक रोगासकट काढावं लागलं, डाव्या कानानं पहिल्याइतकं ऐकू येणार नाही, वर्षभरानं दुसरं बसवून बघू. सुवर्णा “बरं” म्हणाली आणि झोपी गेली.

पाच आठवड्यांनी मॅडम तासगावच्या पुढं वाघदरवाडीला गेल्या. नाझनीननं गाडी चालवली. शेड पत्र्याचं होतं, आत जाळीचे थरावर थर, एका बाजूला बेदाणा निवडायला बसलेल्या वीस-पंचवीस बायका आणि खडखडणारं चाळणी यंत्र. सुवर्णाचे वडील, अण्णा, दाराशी बाजल्यावर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगानं खडखडीत. सुवर्णानं त्यांच्यासमोर मॅडमना खुर्ची दिली.

“अण्णा,” मॅडम म्हणाल्या, “सुवर्णाच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

अण्णांनी कानामागं हात धरला. “काय म्हणताय?”

वयानं त्यांचे दोन्ही कान मंद झाले होते आणि कानात यंत्र घालायला ते तयार नव्हते. मॅडमनी आवाज चढवला, पण चाळणीच्या खडखडाटात तो बुडाला. सुवर्णा उठली आणि तिनं बटण बंद केलं. यंत्र थांबलं. बायकांचे हात थांबले. पत्र्याखाली एकदम एवढी शांतता झाली, की सगळ्या इकडंच बघायला लागल्या.

मॅडम उभ्या राहिल्या. “सुवर्णाचं तोंड माझ्या चुकीनं वाकडं झालं,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “रोगानं नाही. तेलानं नाही. माझ्या हातानं तिची नस भाजली आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या बायकोचा त्यात काही दोष नव्हता.”

अण्णा खाली बघून म्हणाले, “सतरा वर्सं बोललो मी तिला. जेवायला वाढायची तवा बी बोललो.”

“चूक माझी होती, अण्णा.”

“चूक तुमची. बोललो मी.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग सुवर्णाकडं वळले. “मी बोललो की काय म्हणायची गं ती? माझ्या माघारी?”

“काय न्हाई म्हणायची,” सुवर्णा म्हणाली. “उलट तुमची बाजू घ्यायची.”

अण्णा ताठ बसले. बायकांच्या ओळीवर त्यांनी एक नजर टाकली आणि मॅडमना म्हणाले, “मालन नाव तिचं. नाव घिऊन सांगा.”

मॅडमनी नाव घेऊन सांगितलं. “मालनबाईंनी काही केलं नव्हतं. दोष माझा होता.”

अण्णांनी पुन्हा कानामागं हात धरला. “ऐकू आलं न्हाई.”

त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. चाळीस वर्षं माणसांचे कान तपासलेल्या बाईला तेवढं कळत होतं. त्या एक पाऊल पुढं सरकल्या आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.